चार बाजू मोजल्या म्हणजे जमीन मोजली का?

 

आजचा विषय चौकोनाचा आहे. चौकोन म्हटलं की अनेक जणींना शाळेतलं गणित आठवेल आणि वाटेल, आता या वयात हे कशाला? पण घराचा ओटा, बाज, साडी, कांद्याची चाळ, द्राक्षाचा बाग, वावराचा तुकडा हे सगळे चौकोनच आहेत. जमिनीच्या वाटणीच्या कागदावर सही करायची वेळ येते, तेव्हाही समोर बहुतेक वेळा चौकोनच असतो. म्हणून आज चौकोनाचे कोपरे नीट समजून घेऊ. जवळ एक कागद, थोडी सुतळी आणि मोजायची टेप असली तर उत्तमच. नसली तरी नुसतं ऐका.

आधी कोपऱ्याचं माप. कोपरा किती उघडा आहे हे आपण अंशात मोजतो. गवंडी ज्याला गुण्यातला कोपरा म्हणतो, तो ९० अंशांचा, म्हणजे काटकोन. सरळ रेषेवर दोन काटकोन बसतात, म्हणजे १८० अंश. आणि एका बिंदूभोवती पूर्ण फेरी मारली की चार काटकोन, म्हणजे ३६० अंश.

आता कागदाचा कसाही वेडावाकडा चौकोन कापा. फक्त त्याच्या बाजू सरळ असू द्या आणि कोपरा आत गेलेला नको. त्याचे चारही कोपरे फाडा आणि चारही टोकं एका बिंदूवर आणून शेजारी शेजारी मांडा. मध्ये फट राहत नाही आणि एकावर एक चढतही नाहीत. पूर्ण फेरी भरते. म्हणजे चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज ३६० अंश. लहान असो, मोठा असो, वाकडा असो, बेरीज तीच.

असं का होतं? चौकोनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. या रेघेला कर्ण म्हणतात. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. दोन त्रिकोण म्हणजे १८० दुणे ३६०. हा कर्ण लक्षात ठेवा. आजच्या बोलण्यात खरं काम तोच करणार आहे.

आता चौकोनाचा एक खास प्रकार, समांतरभुज चौकोन. याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, म्हणजे कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत. द्राक्षबागेतल्या दोन सरळ ओळी घ्या. त्या दोन्ही ओळींना तिरपी छेदून जाणारी एक पायवाट डोळ्यांसमोर आणा. ती पायवाट पहिल्या ओळीशी जेवढी तिरपी आहे, तेवढीच दुसऱ्या ओळीशीही तिरपी असणार. तिच्यामुळे प्रत्येक ओळीवर एका अंगाला अरुंद कोन होतो आणि दुसऱ्या अंगाला रुंद. अरुंद आणि रुंद मिळून सरळ रेषा, म्हणजे १८० अंश.

यातूनच समांतरभुज चौकोनाचे दोन नियम निघतात. पहिला, लगतच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश असते. दुसरा, समोरासमोरचे कोन सारखे असतात. एक कोपरा ६० अंशांचा असेल तर त्याच्या शेजारचे दोन्ही १२० चे आणि समोरचा पुन्हा ६० चा. चारातला एक कोन कळला की बाकीचे तीन न मोजता कळतात. आणि एक कोपरा काटकोनात आला की चारही काटकोनात येतात. मग तो समांतरभुज चौकोन आयत झाला.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी हे रोज बघतात. येवल्याची पैठणी असो की साधं सुती कापड, त्यात उभे आणि आडवे धागे एकमेकांशी काटकोनात असतात. कापडाचा चौकोनी तुकडा उभ्या धाग्याने ओढला तर फारसा ताणत नाही. तोच समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. लगेच ताणतो. धागे लांबलेले नसतात, त्यांच्यातले कोन बदललेले असतात. दोन कोपरे निमुळते होतात, दोन पसरट होतात. म्हणून तर ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात. ती गोलाईवर छान वळते.

जुनी बाजही तशीच. चार पाय, चार गात, सांधे सैल झाले की बाज एका अंगाला कलते. गातांची लांबी तेवढीच राहते, पण आयताचा समांतरभुज चौकोन होतो. शेताच्या फाटकाचंही हेच. म्हणून लोहार फाटकाला एक तिरपी पट्टी मारतो. ती पट्टी म्हणजे कर्ण. तिच्यामुळे फाटकात दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण सांध्यात कलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात. कांद्याच्या चाळीच्या सांगाड्यालाही म्हणूनच तिरप्या पट्ट्या हव्यात. वाऱ्या-वादळात उभे खांब आणि आडवे वासे एकटे टिकत नाहीत.

आता पैशाच्या गोष्टीकडे येऊ.

कलती बाज पुन्हा आठवा. बाजू त्याच, कोन बदलला, तर आतली जागाही बदलते. जमिनीचं उदाहरण घ्या. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. समजा एका तुकड्याच्या चारही बाजू ६६ फूट आहेत. कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्र बरोबर चार गुंठे. पण तुकडा कललेला असेल आणि एक कोपरा ६० अंशांचा असेल, तर क्षेत्र साडेतीन गुंठ्यांच्याही थोडं आत येतं. कोपरा ३० अंशांचा असेल तर फक्त दोन गुंठे! कुंपणाला तार तेवढीच लागेल, बाजू मोजल्या तर तेवढ्याच भरतील, पण जमीन निम्मी.

म्हणजे नुसत्या चार बाजू मोजून जमिनीचं क्षेत्र कळत नाही. ही गोष्ट आपल्या शेजारच्या मुलखातल्या एका माणसाने जवळजवळ पावणेनऊशे वर्षांपूर्वी ठणकावून सांगितली आहे. त्यांचं नाव भास्कराचार्य. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावी ते राहत. नांदगावच्या पलीकडे, चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीचं ठिकाण आहे, तुमच्यापैकी कित्येक जणी दर्शनाला गेल्या असतील. त्या पाटण गावात एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी होती अशी कथा लोक सांगतात. ते काहीही असो, पण त्या ग्रंथातले कितीतरी प्रश्न एका मुलीला, एका स्त्रीला उद्देशून विचारलेले आहेत, हे मात्र खरं. गणित हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हटलं तर हे सांगायला हरकत नाही.

त्यांच्याही आधी, इसवी सन ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती दिल्या होत्या. एक ढोबळ. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, दुसऱ्या जोडीचंही तसंच करायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. दुसरी रीत बारकाईची, पण ती ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात त्यालाच बरोबर लागू पडते. भास्कराचार्यांनी दाखवून दिलं की बाजू त्याच ठेवून कर्ण लहान-मोठा करता येतो आणि कर्ण बदलला की क्षेत्रफळ बदलतं. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटलं आहे. आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा, असंही वर जोडलं आहे!

आता ही ढोबळ रीत किती महागात पडते ते बघू. आकडे सावकाश सांगते, लिहून घ्या. एका तुकड्याच्या चार बाजू क्रमाने ७८ फूट, ९० फूट, ४० फूट आणि ६८ फूट आहेत. ढोबळ रीतीने ७८ आणि ४० यांची बेरीज ११८, निम्मे ५९. ९० आणि ६८ यांची बेरीज १५८, निम्मे ७९. ५९ गुणिले ७९ म्हणजे ४,६६१ चौरस फूट. म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या वर.

आता कर्ण मोजू. ७८ आणि ६८ फुटांच्या बाजू जिथे मिळतात, त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, ती ८४ फूट भरली. या सुतळीपासून उरलेल्या दोन कोपऱ्यांपर्यंत काटकोनात अंतर मोजलं. हे दोन लंब. एका अंगाला ७२ फूट, दुसऱ्या अंगाला ३२ फूट. दोन्हींची बेरीज १०४, निम्मे ५२. ८४ गुणिले ५२ म्हणजे ४,३६८ चौरस फूट. म्हणजे चार गुंठे आणि वर फक्त बारा चौरस फूट. हे खरं क्षेत्र.

दोन्ही हिशोबांत २९३ चौरस फुटांचा फरक पडला. गुंठ्याचा भाव एक लाख रुपये धरला तर जवळजवळ सत्तावीस हजार रुपये. नसलेल्या जमिनीचे! आणि ही ढोबळ रीत आयत सोडून बाकी प्रत्येक चौकोनात क्षेत्र जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे विकणाऱ्याचा फायदा आणि घेणाऱ्याचा तोटा. तुमचा गट चाळीसाठी, रोपवाटिकेसाठी जागा विकत किंवा भाड्याने घेणार असेल, तर एवढं विचारायचंच, "कर्ण किती भरला?"

सरकारी मोजणीही याच तत्त्वावर उभी राहिली. इंग्रजी अमलात, १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यात जमिनीची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. शंकू आणि साखळी ही मोजणीदारांची हत्यारं. साखळी ३३ फुटांची, गुंठ्याच्या बाजूएवढी. शेताच्या आरपार एक सरळ रेषा धरायची, शंकूने काटकोन साधायचा आणि त्या रेषेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचा लंब मोजायचा. आता यंत्रं आली, उपग्रहावरून मोजणी होते, पण शेत त्रिकोणात तोडून मोजायचं तत्त्व जुनंच आहे. आपण घरी केलेलं माप हे आपल्या समाधानासाठी. वाद असेल किंवा व्यवहार करायचा असेल, तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी.

आता वाटणी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि मग देशाने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल केला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हक्क कागदावर बरोबरीचा आहे, पण जमिनीवर रेघ ओढताना तो बरोबरीचा राहतो का, ते आपल्यालाच बघावं लागतं.

वाटणीत पुष्कळदा असं म्हणतात, "या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी टाका, झाले दोन भाग." तुकडा समांतरभुज असेल तर हे अगदी बरोबर. कर्णाने त्याचे दोन सारखे त्रिकोण होतात. इतकंच काय, त्याचे दोन्ही कर्ण जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दोन्ही निम्मे निम्मे होतात. त्या मधल्या बिंदूतून कशीही सरळ रेघ ओढा, दोन सारखेच भाग पडतात. कागद कापून बघा. एक भाग अर्धा फेरा फिरवला की दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. याचा उपयोग मोठा आहे. दोघींनाही रस्त्याला तोंड हवं असेल, तर मधल्या बिंदूतून जाणारी सोयीची रेघ निवडता येते.

पण तुकडा समांतरभुज नसेल तर सावध राहा. मघाचाच चार गुंठ्यांचा तुकडा घ्या. त्याच्या ८४ फुटांच्या कर्णावर दोरी टाकली, तर एका अंगाला ३,०२४ चौरस फूट जातात आणि दुसऱ्या अंगाला १,३४४. म्हणजे एकाला पावणेतीन गुंठे आणि दुसऱ्याला सव्वा गुंठा! दोरी कोपऱ्यातून कोपऱ्यात गेली, पण वाटणी झाली नाही. दोन्ही अंगांचे लंब मोजून ते सारखे असतील, तरच त्या कर्णाने निम्मे भाग होतात. एवढं तपासल्याशिवाय सही करू नका. छोट्या तुकड्यांच्या वाटणीला कायद्याचे वेगळे नियम आहेत, ते तलाठी कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी बांधकामाची आखणी. समजा गटासाठी २० फूट लांब, १५ फूट रुंद शेड घालायची आहे. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून चारही बाजू मोजल्या. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या. तेवढ्याने काम होत नाही. बाजू सारख्या म्हणजे तो समांतरभुज झाला, आयत झालाच असं नाही. आता दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २५ फूट भरले तर कोपरे गुण्यात आहेत. एक २४ फूट भरला तर दुसरा जवळजवळ २६ भरणार. मग वरची बाजू खालच्या बाजूपासून सव्वा फूट सरकलेली असते. पत्रे काटकोनातच कापलेले येतात, म्हणून ते तिरपे पडतात आणि पाणी आत येतं. अशा वेळी एका लांब बाजूच्या दोन्ही खुंट्या सारख्याच सरकवायच्या, बाजूंची मापं कायम ठेवायची आणि कर्ण सारखे होईपर्यंत हे करत राहायचं. मगच फक्की टाकायला सांगायचं.

यात एक बारकावा आहे. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही. ज्याच्या दोनच बाजू समांतर असतात त्या समलंब चौकोनात, तिरप्या बाजू सारख्या असल्या तर कर्ण सारखे भरतात, पण कोपरे काटकोनात नसतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू, मग कर्ण. दोन्ही जमलं तरच आयत.

पहिला काटकोन काढायलाही सोपी युक्ती आहे. कोपऱ्यापासून एका सुतळीवर ६ फुटांवर खूण करा, दुसरीवर ८ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर १० फूट भरलं की काटकोन झाला. द्राक्षाची नवीन लागण करतानाही हे करावं. ओळींतलं अंतर ९ फूट ठेवायचं म्हणून कडेच्या बांधावर ९-९ फुटांवर खुणा केल्या आणि तो बांध ओळींशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर ओळींमधलं खरं अंतर पावणेआठ फुटांच्या आसपासच राहतं. ट्रॅक्टर आत घालताना मग कळतं, पण तोवर वेली उभ्या राहिलेल्या असतात.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या चौघी-पाच जणी मिळून जवळचा एखादा तुकडा, अंगण किंवा समाजमंदिरासमोरची जागा मोजा. आधी ढोबळ रीतीने, मग कर्ण आणि लंब घेऊन. दोन्ही आकडे गटाच्या वहीत शेजारी शेजारी लिहा. मुलं आठवी-नववीत असतील तर त्यांना बरोबर घ्या, चौकोनाचा धडा त्यांच्या पुस्तकात आहेच. पुस्तकातला कर्ण वावरात कसा दिसतो, हे त्यांनाही कळेल. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "बायकांना काय कळतंय मोजणीतलं," तर टेपचं एक टोक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "धरा, कर्ण मोजायचाय."